ईजीआर काढू नका, साफ करून घ्या

आपल्या वस्त्यांमधली कितीतरी घरे गाडीवर चालतात. कुणी टॅक्सी चालवतो, कुणी शाळेची व्हॅन, कुणी मालकाची गाडी, तर कुणी गॅरेजात हात काळे करतो. म्हणूनच आज आरोग्याच्या पानावर आम्ही इंजिनाच्या एका भागाविषयी लिहीत आहोत. डिझेल गाडी धूर सोडू लागली, चढावर जोर पकडेना, समोरचा पिवळा दिवा पेटला, की अनेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, ‘ईजीआर बंद करून टाका, कायमची कटकट मिटेल.’ पत्र्याची एक पट्टी ठोकून वाट बंद केली जाते, दिवा पेटू नये म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार होतो आणि गाडी पुन्हा धंद्याला लागते. हा सल्ला ऐकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात गाडीवाल्याचे थोडे पैसे वाचतात, पण त्याची किंमत रस्त्याकडेच्या घरातली लेकरे छातीने मोजतात.

आधी हा भाग काय करतो ते समजून घेऊ. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो निरुपद्रवी. पण इंजिनात डिझेल जळते तेव्हा उष्णता इतकी वाढते की हाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तयार होतात. ईजीआर यंत्रणा सायलेन्सरकडे निघालेल्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात सोडते. त्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे जळण्याची धग उतरते आणि विषारी वायू कमी बनतो. नीट चालणारी ईजीआर यंत्रणा या वायूचे प्रमाण निम्म्यापर्यंत खाली आणू शकते. पट्टी ठोकली की हा अडसरच निघून जातो.

आता आरोग्याकडे वळू. या ऑक्साइडांपैकी नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला आतून झोंबतो. दमा असलेल्यांचा दमा बळावतो, लहान मुलांना छातीचे विकार लवकर जडतात. उन्हात याच वायूपासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, तोही फुप्फुसांना घातकच. रस्त्यावर साधारणपणे दिसेल असा त्याचा रंग नसतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क तो अडवू शकत नाही. काळा धूर दिसतो म्हणून आपण तोंड फिरवतो, हा मात्र नकळत आत जातो.

तो सर्वांत जास्त कुठे साचतो? मोठ्या रस्त्याला लागून. रस्त्यापासून दोन-अडीचशे मीटर आत गेले की त्याचे प्रमाण बरेच उतरते. आता आपल्या वस्त्या कुठे आहेत ते पाहा. घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर पूर्व द्रुतगती महामार्गाला खेटून आहे. शहराशहरांत महामार्गाकडेला, पुलाखाली, नाक्यावर आपलीच घरे आहेत. चांगली जागा आपल्याला मिळाली नाही, म्हणून आपण तिथे राहिलो. गाडीत बसणारा काच वर करून निघून जातो, आपली मुले चोवीस तास तिथेच श्वास घेतात.

हे नुसते भीती घालणे नाही. लंडनच्या लुइशॅम भागात एला अडू-किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी वाहत्या मोठ्या रस्त्याजवळ राहत होती. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत जवळपास तीस वेळा तिला रुग्णालयात न्यावे लागले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ती दगावली. तिची आई न्यायासाठी झगडत राहिली. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निकाल दिला की, तिच्या मृत्यूला हवेचे प्रदूषण कारणीभूत ठरले आणि ते मुख्यतः वाहनांचे होते. नायट्रोजन डायऑक्साइडचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. रस्त्याकडेला राहणाऱ्या गरिबाच्या लेकराचे दुखणे ‘नशीब’ म्हणून सोडून द्यायचे नसते, हे त्या आईने दाखवून दिले.

‘पण ईजीआर काढल्यावर गाडी खरोखर पळते,’ असे आपले चालक बंधू सांगतील. त्यांचा अनुभव खोटा नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. पूर्ण जोर लावून गाडी दाबली की ईजीआरचा व्हॉल्व्ह एरवीही जवळजवळ मिटलेलाच असतो. गाडी ओढत नाही, कारण काजळी धरून तो व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकून बसतो. पट्टी ठोकल्यावर जो जोर परत येतो, तो व्हॉल्व्ह साफ केल्यावरही येतो. तो अगदीच निकामी झाला असेल तर बदलावा लागतो, आणि तो खर्च हातावर पोट असलेल्याला जड जातो, हे आम्ही जाणतो. ईजीआरमुळे आत काजळी साचते, हेही खरे आहे. पण त्यावर उपाय वेळेवर सफाई हाच आहे.

दुसरा मुद्दा येतो, ‘पीयूसीत गाडी पास होते, मग अडचण काय?’ अडचण पीयूसीतच आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत. उलट ईजीआर बंद केल्यावर काळा धूर थोडा कमीही दिसू शकतो. म्हणजे कागद स्वच्छ आणि हवा विषारी. सरकारने १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू केले. डिझेल कारसाठी या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर आणली. कंपनीतून निघताना गाडीने ही मर्यादा पाळायची आणि पुढे नाक्यावर तिची यंत्रणा काढून टाकायची, तर त्या कायद्याचा आपल्या मुलांना उपयोग काय?

मोठेही यात मागे नाहीत. २०१५ साली फोक्सवॅगन कंपनीची लबाडी जगासमोर आली. चाचणीच्या वेळी गाडी नियम पाळायची आणि रस्त्यावर आली की प्रदूषण रोखणारी यंत्रणा ढिली पडायची, अशी व्यवस्था सॉफ्टवेअरमध्येच केलेली होती. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती निघाली. भारतात राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये कंपनीला ५०० कोटींचा दंड सुनावला आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. बड्या कंपनीने सॉफ्टवेअरने जे केले, तेच गॅरेजात पत्र्याच्या पट्टीने होते. कंपनीने केले की तो गुन्हा आणि आपण केले की ती हुशारी, असे कसे म्हणता येईल?

कायद्याचा धोकाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार वायुप्रदूषणाचे मानक मोडणारी गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही दोषी ठरतात. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्दबातल. मालकाने ईजीआर काढायला सांगितले तरी स्टिअरिंगवर आपला पोरगा असतो, हे विसरू नका.

मग करायचे काय? चालक बंधूंनी सर्व्हिसिंगच्या वेळी ईजीआर व्हॉल्व्ह तपासून साफ करून घ्यावा. दिवा पेटला तर आधी बिघाड शोधायला सांगावा, पट्टी ठोकायला नाही. जुनी गाडी विकत घेताना ईजीआर जागेवर आहे का, हे विचारावे. गॅरेजात काम करणाऱ्या तरुणांनी सफाईचे काम नीट शिकून घ्यावे, त्यातही चार पैसे मिळतात. वस्तीच्या गल्लीत गाडी उभी करून इंजिन चालू ठेवू नये. शाळेच्या व्हॅनने तर मुळीच नाही, कारण मुले नेमकी तिच्यामागेच उभी असतात.

मायबहिणींनी मुलांकडे लक्ष ठेवावे. रात्री-पहाटेचा खोकला, छातीत घरघर, खेळताना लवकर लागणारा दम, ही दम्याची लक्षणे असू शकतात. दवाखान्यात दाखवा. डॉक्टरांनी पंप दिला तर तो सांगितल्याप्रमाणे द्या, पंपाचे व्यसन लागते ही समजूत खरी नाही. बोलताना धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. घरातल्या गॅसच्या आणि स्टोव्हच्या ज्योतीतूनही हाच वायू निघतो. स्वयंपाक करताना रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवा.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करायचे आहे. पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजावीत, ईजीआर काढून देणाऱ्यांवर कारवाई व्हावी आणि महामार्गाकडेच्या वस्त्यांत हवा मोजणारी यंत्रे बसवावीत, अशी लेखी मागणी प्रत्येक मंडळाने परिवहन कार्यालयाकडे व महापालिकेकडे करावी. अर्जाची पोच घ्यावी, तारीख लिहून ठेवावी आणि महिन्याभराने पुन्हा जाऊन विचारावे.