शिवारातून गेलेला अभ्यास शिवारात परत यावा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत दरवर्षी विद्यापीठांचे विद्यार्थी छापील प्रश्नावली घेऊन फिरतात. टोमॅटोवर किती फवारण्या केल्या, कांद्याला साठवणुकीत घट किती आली, हिरडा कोण गोळा करतं, धरणात जमीन गेलेल्यांचं पुढे काय झालं, असे प्रश्न असतात. शेतकरी हातातलं काम बाजूला ठेवून उत्तरं देतो, वर चहाही पाजतो. पुढे विद्यार्थ्याचा प्रबंध होतो, पदवी मिळते आणि प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात जातो. ज्यानं माहिती दिली, त्याच्या हाती मात्र बहुधा काहीच येत नाही.

ग्रंथालय म्हणजे परीक्षेची पुस्तकं मिळण्याची खोली, असा आपला समज असतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं काम त्याहून मोठं आहे. आधी झालेला अभ्यास तिथे जपून ठेवलेला असतो. नवा संशोधक प्रथम तिथे बसतो, आपल्याआधी कोणी काय शोधलं ते पाहतो आणि मग शेतात उतरतो. त्यामुळे तेच काम पुन्हा होत नाही आणि जुन्या कामातली चूकही सापडते. राहुरीला १९६८ साली कृषी विद्यापीठ झाले. त्याचे ग्रंथालय आणि पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय हे काम वर्षानुवर्षे करत आहेत.

याचा आपल्याशी काय संबंध, असं कोणी विचारील. बिबट्याचंच उदाहरण घ्या. ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ ही मागणी गावोगावी होते. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याचा संताप खराच आहे. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसरातल्याच नोंदी तपासून २०११ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. ही मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. म्हणजे ज्या उपायाचा आपण आग्रह धरतो, त्यानंच धोका वाढल्याचं आपल्याच भागातल्या आकड्यांवरून दिसतं. हा निबंध इंग्रजीत, परदेशी नियतकालिकात आला. ग्रामसभेत ठराव मांडणाऱ्या किती सरपंचांनी तो पाहिला असेल? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

आता दारं पूर्वीपेक्षा पुष्कळ उघडली आहेत. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या संगणकीय संग्रहात, तर पुणे विद्यापीठासह देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. ते वाचायला पैसे पडत नाहीत. सरकारी विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना १३ हजारांवर संशोधन नियतकालिके एकत्र मिळावीत, अशी केंद्राची योजनाही १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे.

अडचण उरते ती भाषेची आणि शोधण्याची. दोनशे पानांचा इंग्रजी प्रबंध मोबाईलवर उघडून शेतकऱ्याला काय कळणार? इथेच आपल्या महाविद्यालयांची ग्रंथालयं उपयोगी पडू शकतात. जुन्नर, नारायणगाव, ओतूर आणि मंचरला महाविद्यालये आहेत. तिथल्या ग्रंथपालांनी ‘आपला तालुका’ म्हणून एक कपाट वेगळं ठेवावं. या भागावर झालेल्या प्रबंधांची यादी करावी. विद्यार्थ्यांकडून प्रत्येकाचा दोन पानी मराठी सारांश लिहून घ्यावा. पोरांना अभ्यासाची सवय लागेल आणि गावालाही उपयोग होईल. जिथे ग्रंथपालाची जागा रिकामी असेल, तिथे ती आधी भरली पाहिजे. नुसत्या कपाटाला कुलूप लावून ग्रंथालय चालत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही एक करावं. माहिती गोळा करायला येणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव, विद्यापीठ आणि विषय नोंदवहीत लिहून घ्यावा. काम पूर्ण झाल्यावर मराठी सारांशाची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी, एवढं त्याला सांगावं. यात अडवणूक नको. आपण वेळ दिला, माहिती दिली, तेव्हा एवढं मागणं वाजवी आहे.

एक सावधगिरीची सूचना. प्रबंध म्हणजे शिफारस नव्हे. एखाद्या प्रयोगात चांगलं ठरलेलं वाण किंवा औषध आपल्या जमिनीत तसंच ठरेल असं नाही. जुन्या प्रबंधातलं एखादं औषध आज बंदही झालेलं असू शकतं. तेव्हा वाचलेलं थेट रानात न करता नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला आधी विचारावं.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपली मुलं-मुली या महाविद्यालयांत शिकतात. ‘आपल्या पिकावर, आपल्या गावावर ग्रंथालयात काय आहे?’ असं त्यांना विचारून तर बघा. मागणारा असला की कपाटं उघडतात.