उन्हाचा द्राविडी प्राणायाम

शेतीच्या प्रश्नावर दर काही वर्षांनी एक नवा चमत्कार बाजारात येतो. आजच्या चमत्काराचे नाव 'बंद खोलीतील शेती'. खोलीच्या भिंती पांढऱ्या, रॅकवर रॅक चढवलेले, त्यांवर जांभळट प्रकाश टाकणारे एलईडी दिवे, मुळांना खतमिश्रित पाणी, आणि या सगळ्याला लागणारी वीज गच्चीवरील सौर पॅनेलांतून. महावितरणची तार नको, पावसाची वाट नको, माती नको. 'ना जमीन, ना पाऊस, ना वीजबिल' असे हे त्रिसूत्री स्वप्न आहे. ते शहरातील पैसेवाल्यापुढे मांडले जाते तोवर आपली काही तक्रार नव्हती. पण आता तेच स्वप्न दुष्काळी तालुक्यातील तरुणाला आणि बचत गटातील बायांना शेतीचे भवितव्य म्हणून विकले जात आहे. फलोत्पादनाच्या सरकारी योजनांतही मातीविना शेतीला अनुदानाचे दार उघडले आहे. म्हणून या स्वप्नाचा हिशेब कार्यकर्त्यांनी एकदा मांडून पाहणे आवश्यक झाले आहे.

हा हिशेब अवघड नाही. पाचवी-सहावीतल्या मुलालाही तो करता येईल. महाराष्ट्रात एक किलोवॉटच्या सौर पॅनेलला साधारण पाच चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट वीज मिळते. लेट्यूससारख्या नाजूक पाल्याला, चांगल्यातले चांगले दिवे लावले तरी, चौरस मीटरमागे रोज दीड युनिटभर वीज केवळ प्रकाशासाठी खर्ची पडते. दिव्यांनी तापलेली खोली थंड ठेवायची, पानांनी सोडलेली वाफ बाहेर काढायची, पंप आणि पंखे चालवायचे, शिवाय बॅटरीत भरताना व काढताना होणारी गळती सोसायची. सगळे धरले की हा आकडा चौरस मीटरला दोन ते अडीच युनिटांवर जातो. म्हणजे पाच चौरस मीटर ऊन गोळा करायचे आणि त्यातून दोन चौरस मीटरदेखील धड पिकवायचे नाही! ज्या उन्हाची आधी वीज केली, विजेची बॅटरीत साठवण केली आणि साठवणीतून पुन्हा प्रकाश केला, ते ऊन पॅनेलऐवजी सरळ वाफ्यावर पडले असते तर पाचही चौरस मीटर हिरवे झाले असते, आणि तेही फुकट. नाकाला हात लावण्यासाठी डोक्यामागून हात फिरवण्याला आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात. येथे तो नाकाचा नसून सूर्याचा चालला आहे.

एका खोलीचेच उदाहरण घेऊ. दहा चौरस मीटर वाफे असलेल्या खोलीला रोज पंचवीसेक युनिट वीज लागेल. त्यासाठी सहा किलोवॉटची पॅनेले आणि तीस चौरस मीटर गच्ची हवी. पावसाळ्यात ढगांनी वीज निम्म्यावर येते, पण रोपाला ते समजत नाही. म्हणून तीन दिवसांची बेगमी करायची म्हटली तर पंचाहत्तर युनिट साठवतील एवढ्या बॅटऱ्या हव्यात. एवढे सव्यापसव्य करून हाती काय येते? उत्तम निगा राखली तर दिवसाला दोन किलो पाला. हा पाला शेकडा पंच्याण्णव भाग पाणी असतो. त्या दोन किलोंतून पोटाला जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी दीड भाकरीत असते. उलट त्याच पंचवीस युनिटांत महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या सात-आठ कुटुंबांची दिवसाची गरज भागते, किंवा पाच अश्वशक्तीचा पंप पाच-सहा तास चालतो.

कोणी म्हणेल, आज लेट्यूस, उद्या धान्य. तर तेही पाहू. एक किलो गव्हात जी ऊर्जा साठलेली असते ती विजेच्या मापाने चार युनिट भरते. परंतु दिव्याला दिलेल्या विजेतील निम्म्याच्या आसपासच प्रकाश होतो, प्रकाशातील अल्पसा भाग रोप पकडते, आणि पकडलेल्यापैकी निम्मे काडात व मुळात जाते. अगदी उदार हाताने धरले तरी दिव्याखालच्या एका किलो गव्हाला शंभरावर युनिट लागतात. युनिटला आठ रुपये धरले तर नुसत्या विजेचे आठशे रुपये! हा निसर्गाचा हिशेब आहे. तो मंत्र्याच्या भाषणाने बदलत नाही आणि कंपनीच्या माहितीपत्रकानेही नाही.

हे आम्ही पोथीतून सांगतो आहोत असे समजू नये. ज्यांच्यापाशी भांडवलाला तोटा नव्हता, त्यांचे काय झाले ते जगाने पाहिले आहे. बर्लिनच्या इन्फार्म कंपनीने, युक्रेन युद्धाने युरोपात वीज भडकल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे पाचशे कामगार कमी करण्याचे जाहीर केले. अमेरिकेतील एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२१ साली दोन अब्जांहून अधिक डॉलर किंमत ठरवली गेलेली बावरी फार्मिंग नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली. मार्च २०२५ मध्ये प्लेन्टी ही कंपनी त्याच दिवाळखोरीच्या दाराशी गेली. या कंपन्या विजेच्या सार्वजनिक जाळ्याच्या आधाराने उभ्या होत्या. स्वतःची साठवणीची, म्हणजे त्याहून महाग वीज वापरून आपल्या तालुक्यातला तरुण त्यांच्यावर मात करणार आहे काय? गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले त्याचे दुःख आपण करण्याचे कारण नाही. पण येथे बुडणार आहे ते बँकेचे कर्ज आणि आईच्या अंगावरचे सोने.

विरोधकांचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, या पद्धतीत पाणी नव्वद टक्के वाचते. खरे आहे. पण महाराष्ट्राचे पाणी लेट्यूस पीत नाही. पिकाखालच्या जमिनीच्या लहानशा हिश्श्यावर उभा असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा पितो, हे शेंबडे पोरही जाणते. तेथे हात घालण्याची हिंमत नसलेल्यांनी पाणीबचतीचा पाठ पाल्याच्या ताटलीवरून द्यावा, हा विनोद आहे. ते म्हणतात, ट्रेमध्ये एक किलो मका भिजवला की आठवड्यात सहा-सात किलो हिरवा चारा होतो. होतो, पण वाढलेले वजन पाण्याचे असते. चाऱ्यातील कोरडा अंश मूळ दाण्याहून वाढत नाही, उलट थोडा घटतोच. ते केशराचे उदाहरण देतात. काश्मीरमध्ये केशराचे कंद फुलोऱ्यापुरते घरात ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण फुले खुडल्यावर कंद पुन्हा शेतात जातात. कंद पोसण्याचे काम तेथे सूर्याकडेच राहते. आपल्याकडे मात्र खोली थंडही विजेने करायची आणि उजळायचीही विजेने. या धंद्यात खात्रीचे उत्पन्न पुष्कळदा केशराचे नसून प्रशिक्षण वर्गाच्या फीचे असते.

या स्वप्नात एक राजकारणही दडलेले आहे, आणि ते अधिक घातक आहे. 'तारेपासून मुक्ती' ही घोषणा ऐकायला गोड वाटते. पण विजेचे जाळे ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या पैशातून आणि कामगारांच्या घामातून उभी राहिलेली सामाईक मालमत्ता आहे. ज्याची ऐपत आहे तो स्वतःची पॅनेले व बॅटऱ्या घेऊन त्यातून बाहेर पडला, की खांब, तारा आणि रोहित्रे यांचा खर्च उरतो तो मागे राहिलेल्या गरिबाच्या माथी. श्रीमंतांनी सरकारी शाळा सोडली तेव्हा शाळेचे काय झाले? विजेचेही तेच होईल. उलट ज्यांना नाइलाजाने तारेशिवाय राहावे लागते, त्या सातपुड्यातील आणि मेळघाटातील पाड्यांना विचारा. तेथे पॅनेल डोक्यावर असते, पण बॅटरी मेली की दिवा मेला. नवी बॅटरी घ्यायची कोणी, याचे उत्तर कोणापाशी नसते. आणि मेलेली शिशाची बॅटरी कोठे जाते? पुष्कळदा वस्तीतल्या उघड्या भट्टीवर, जिथे शिसे वितळवणाऱ्या मजुराच्या आणि त्याच्या मुलांच्या रक्तात विष भिनते. बंद खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर त्या धुराचा डाग दिसत नाही, एवढेच.

मग आपण विज्ञानाच्या विरोधात आहोत काय? मुळीच नाही. अंटार्क्टिकात जर्मनीच्या नॉयमायर केंद्राजवळ २०१८ पासून बंदिस्त पेटीत भाजी पिकवण्याचे प्रयोग झाले. जेथे महिनोन्‌महिने सूर्यच उगवत नाही तेथे दिवा लावणे हा शहाणपणा आहे. विदर्भ-मराठवाड्यात सूर्याची टंचाई नाही. टंचाई आहे ती दिवसाच्या विजेची. जुन्नर-शिरूरचा शेतकरी रात्री दोन वाजता बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने जीव मुठीत धरून बारे देतो, कारण त्याच्या फीडरला पाळी रात्रीची असते. ज्या राज्यात पिकाला पाणी देण्यासाठी दिवसा वीज मागावी लागते, तेथे पिकाला ऊन देण्यासाठी वीज खर्च करणे ही केवळ उधळपट्टी नाही, तो शेतकऱ्याचा अपमान आहे.

घरात पिकवण्याची जी योग्य जागा आहे ती आपण ओळखली पाहिजे. धिंगरी अळिंबीला सूर्य लागत नाही. तिला हवा ओलावा, सावली, खेळती हवा आणि गव्हाचा किंवा सोयाबीनचा भुसा. एखादा पंखा, पाण्याचा फवारा आणि एक दिवा यांसाठी एक किलोवॉटचे पॅनेल पुरून उरते. भूमिहीन बाईला चार भिंतींत करता येईल अशी ही शेती आहे. रोपवाटिकेतील बी रुजवण्याची खोली, ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा, टोमॅटो आणि भाजी चार दिवस टिकवणारी शीतखोली, येथेही थोड्या विजेतून मोठे काम होते. आणि ती वीज नव्याने शोधायलाही नको. कुसुम योजनेतून २०१९ पासून आणि राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून २०२४ पासून गावोगाव सौर पंप बसत आहेत. पंपाला वर्षातले अनेक दिवस काम नसते. त्या दिवसांची वीज पॅनेलवरच वाया जाते. सार्वत्रिक नियंत्रक बसवला तर तीच वीज कडबा कुट्टीला, गिरणीला, शीतखोलीला देता येते. कुसुम योजनेत त्याची तरतूदही आहे. मात्र पंप मिळतो तो ज्याच्यापाशी जमीन आणि विहीर आहे त्याला. भूमिहीनाच्या वाट्याला त्या उन्हातून काहीच येत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शेतीपंपांना दिवसा आठ तास वीज, मग ती सौर वाहिनीतून असो वा अन्य मार्गाने. प्रत्येक सौर पंपाला सार्वत्रिक नियंत्रक, आणि उरलेल्या विजेवर भूमिहीन स्त्रियांच्या सहकारी संस्थांचा पहिला हक्क. दिव्याखालच्या पाल्याला सार्वजनिक पैशाचे अनुदान नाही. तारेबाहेरच्या पाड्यांतील बॅटरी बदलण्याची आणि जुनी परत नेण्याची जबाबदारी सरकारची. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत ही चर्चा घडवून आणावी. 'बंद खोलीत सोने पिकते' असे सांगणारा कोणी गावात आला तर त्याला हाकलू नये, पारावर बसवावे आणि चारचौघांत कागद-पेन्सिल हाती द्यावी. किती ऊन, किती युनिट, किती पाला, आणि बुडाले तर कोणाचे, एवढे चारच प्रश्न विचारावेत.

सूर्य हा अजून कोणाच्या मालकीचा झालेला नाही. तो सातबारा न पाहता सर्वांच्या शिवारावर सारखाच तळपतो. त्याला खोलीत कोंडून मूठभरांच्या ताटलीत वाढण्याआधी, ज्याच्या पाठीवर तो दिवसभर तापतो त्याच्या पंपाला आणि त्याच्या घराला त्याची वीज मिळाली पाहिजे. आपला आग्रह एवढाच आहे, आणि तो सोडता येणार नाही.