कावड कोणाची रिकामी झाली?



आपल्यातले काही जाणते म्हणतात, कादंबरी ही प्रापंचिक करमणूक. माळकऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. पन्नास वर्षे कीर्तनात मीही तेच सांगितले. आता गळा बसला, डोळे अधू झाले. नातीने अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’ ही २००४ सालची इंग्रजी कादंबरी मराठीत समजावत वाचून दाखवली. ती ऐकून मी माझे बोल मागे घेतो.

कादंबरी बंगालच्या सुंदरबनातली. तिथे हिंदू आणि मुसलमान दोघेही रानात शिरण्याआधी बोनबीबीला हात जोडतात. तिची कथा अशी : धोना मधासाठी रानात जातो. वाघाचे रूप घेणारा दक्षिणराय त्याला होड्या भरून मध-मेण देऊ करतो. बदल्यात माणूस मागतो. धोना स्वतः पुढे होत नाही. गरीब विधवेचा पोर दुखे, त्याला बेटावर टाकून तो निघतो. पोराला बोनबीबी वाचवते.

आता आपला दृष्टांत आठवा. रामेश्वराला न्यायची गंगा नाथमहाराजांनी तहानेल्या गाढवाला पाजली. ‘गाढवात देव दिसला’ म्हणून आम्ही टाळ्या घेतो. पण कावड कोणाची रिकामी झाली? नाथांची स्वतःची. धोनाने मध आपला केला, किंमत दुसऱ्याच्या लेकराची लावली. भूतदयेची पारख एवढीच.

घोष ही पारख सोडत नाहीत. गोठ्यात कोंडलेल्या वाघाला गाव जाळते, तेव्हा बोनबीबीला मानणारा फोकीरही त्या गर्दीत असतो. अमेरिकेत वाढलेली पिया अडवायला धावते. तिची कळकळ खरी; पण वाघाच्या तोंडी जातात ती तिथली गरीब माणसे. म्हणून वाघ जाळावा असे नव्हे. त्याला राखण्याची किंमत एकट्या गरिबाने का मोजावी, हा प्रश्न आहे. शहरात बसून वाघावर माया करणारा धोनाच्याच होडीत बसलेला असतो.

आणि आपण? वारीत पंगत उठल्यावर प्लास्टिकच्या उष्ट्या पत्रावळी चघळणारी गाय मी पाहिली. त्याच रात्री नाथांचे गाढव सांगितले. श्रोते गहिवरले, मीही गहिवरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसल्याच पत्रावळीत जेवलो. सोय माझी, किंमत गाईच्या पोटाची. तोंडी नाथ होते, वागणे धोनाचे होते.

यंदा निघताना ताट-तांब्या आपल्या पडशीत घ्या. ओझे होईल. नाथांची कावडही हलकी नव्हती.

रामकृष्णहरी.