भाड्याच्या घराचं मार्चिंग-इन

गेल्या रविवारी आमचा एक तरुण कॅप्टन बायकोला घेऊन घर बघायला निघाला. क्वार्टरची वेटिंग लिस्ट लांब, म्हणून सरकारी घर मिळेपर्यंत भाड्याचं. मलाही बरोबर नेलं. तिलहरीच्या बाजूचा नवा फ्लॅट होता. मालकांनी चहा पाजला, "फौजी लोग हैं, हमें क्या पूछना" म्हणाले, आणि आमचे कॅप्टनसाहेब सात मिनिटांत हो म्हणून मोकळे! एक नळ उघडला नाही, एक खिडकी लावून बघितली नाही.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "स्टोअरचा चार्ज घ्यायला किती वेळ लागला होता?"

"दोन दिवस, सर."

"आणि जिथे बायको आणि लेक राहणार, तिथे सात मिनिटं?"

माझा राग त्याच्यावर नाही, आपल्या सवयीवर आहे. एमईएसकडून क्वार्टर घेताना आपण पंखे, नळ, पडद्यांचे रॉड मोजून यादीवर सही करतो, कारण मार्चिंग-आउटला वसुली होते हे माहीत असतं. सिव्हिलमध्ये मात्र आपल्याला संकोच वाटतो. माणूस इतक्या आदराने बोलतोय, त्याच्यासमोर फ्लश कसा ओढून बघायचा? या संकोचाची किंमत आपण स्वतः मोजत नाही, घरचे मोजतात.

मीही मोजायला लावली आहे. मी फील्डमध्ये होतो, घरचे एका दुसऱ्या शहरात भाड्याने. घर मे महिन्यात पाहिलेलं, ताज्या रंगाचं. जुलैत बेडरूमची भिंत ओली झाली आणि स्विचबोर्डला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. बायकोने मालकाला फोन केला तर उत्तर आलं, "साहब आएंगे तब बात करेंगे." साहेब तीन महिन्यांनी येणार होते. तोवर ती मुलाला घेऊन हॉलमध्ये झोपली. घर सोडताना त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून कापले गेले.

"दोनच वर्षं काढायची आहेत, कशाला एवढं?" असं मेसमध्ये हमखास ऐकू येतं. ती दोन वर्षं तुम्ही काढत नाही, साहेब. तुम्ही ऑफिसात, एक्सरसाइजवर, नाहीतर सीमेवर असता.

तेव्हा जबलपुरात घर बघणाऱ्यांनो, आधी मोहल्ल्याचं नाव ऐका. रानीताल, चेरीताल, हाथीताल, अधारताल. हे बावन्न तलावांचं शहर म्हणवतं. त्यातले कित्येक बुजवून वर वस्ती झाली. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. जुलैत गल्लीत पाणी किती चढतं, हे मालकाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारा. कपाटामागच्या आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर हात फिरवा. एकाच भिंतीला नवा रंग असेल तर का, ते विचारा.

दुसरं, भेगा. नर्मदेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. प्लॅस्टरच्या केसाएवढ्या रेषा सगळीकडे असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंद होत गेलेली भेग मात्र वेगळी, ती दिसली तर जाणकाराला दाखवा. 22 मे 1997 च्या पहाटे इथे भूकंप झाला होता, तीसहून अधिक माणसं गेली. 2001 च्या भूकंपात भूजपासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. त्यांत खाली नुसते खांब आणि पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. पार्किंग छान आहे म्हणून खुश होण्याआधी, त्या खांबांमध्ये कुठे भिंत आहे का ते बघा.

तिसरं, वीज आणि पाणी. सगळे नळ एकदम सोडा. इलेक्ट्रिशियन नेऊन गीझरच्या पॉइंटचं अर्थिंग तपासा. मीटर स्वतंत्र आहे की सबमीटर, युनिटचा दर कोण ठरवतो, हे आधीच लिहून घ्या.

आणि कागद. भाडेकरूची पोलीस पडताळणी होते, घराची कोण करतं? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, मालकाला माहीत असलेला आणि तुम्हाला न दिसणारा मोठा दोष सांगणं त्याचं कर्तव्य आहे. नेहमीच्या वापराने झालेली झीज तुमच्या माथी मारता येत नाही. पण अकरा महिन्यांच्या छापील करारात नेमकं "वेगळं" लिहिलेलं असतं आणि आपण ते न वाचता सही करतो. वाचा. चावी घेण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, यादी करा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या. फील्डमध्ये जाणार असाल तर दुरुस्तीसाठी बायकोचा शब्द पुरेल, हे करारात घाला. नाव तिचंही असू द्या.

कॅप्टन सोमवारी इलेक्ट्रिशियन घेऊन परत गेला. गीझरला अर्थिंग नव्हतंच. मालक जरा रुसले, "आप तो बहुत शक करते हैं" म्हणाले. पण चार दिवसांत काम करून दिलं आणि यादीवर सहीही केली. डिपॉझिट त्यानंतर दिलं. परवा तिकडे चहाला गेलो होतो. यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे, मालकाच्या सहीसकट.