नागरिकाचा मजकूर जसाच्या तसा आणि निर्धोक दिसावा : संकेतस्थळांवर काम करणाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
संकेतस्थळांची कामे निविदेने देणाऱ्या सर्व महापालिका, जिल्हा परिषदा व विद्यापीठे

विषय : सर्व्हर व ब्राउझर यांच्यातील मजकुराची सुरक्षित ने-आण

महोदय,

आम्ही सार्वजनिक संकेतस्थळे बांधणारे, तपासणारे आणि सांभाळणारे तंत्रज्ञ आहोत. निविदांमध्ये रंगसंगती आणि बोधचिन्हाच्या आकारावर परिच्छेद असतात. नागरिकाने लिहिलेला मजकूर पुन्हा पडद्यावर कसा आणायचा, याबद्दल मात्र बहुधा एवढेच असते : ‘संकेतस्थळ सुरक्षित असावे.’ एवढ्यावर काम भागत नाही, म्हणून हे पत्र.

ब्राउझरला मजकूर आणि आज्ञा एकाच प्रवाहात मिळतात. ‘<’ दिसले आणि त्याला लागून अक्षर आले, की टॅग सुरू झाला असे तो धरतो. तक्रारीच्या रकान्यात कुणी स्क्रिप्टचा टॅग लिहिला आणि सर्व्हरने तो तसाच परत पाठवला, तर तक्रार उघडणाऱ्या लिपिक बाईंच्या ब्राउझरमध्ये ती स्क्रिप्ट त्यांच्या लॉगिनचे सगळे अधिकार घेऊन चालते. नोंदी बदलतात त्यांच्या नावाने, आणि चौकशीही त्यांचीच लागते. अमेरिकेतील सर्ट संस्थेने या धोक्याची जाहीर सूचना फेब्रुवारी २००० मध्येच दिली होती.

आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी : मजकूर आत घेताना छाटू नका, बाहेर दाखवताना एस्केप करा, म्हणजे ज्या चिन्हांना ब्राउझर आज्ञा समजू शकतो, ती नुसती अक्षरे म्हणून दिसतील असा कोड त्यांच्या जागी पाठवा. ‘संशयास्पद’ शब्द गाळणारी चाळणी लावून कंत्राटदार मोकळा होतो. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर अशीच चाळणी होती. सॅमी कामकर या वापरकर्त्याने आपल्या पानावर टाकलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला. चाळणीला तो ओळखू आला नाही, ब्राउझरने मात्र चालवला, आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खाती त्या स्क्रिप्टच्या तडाख्यात सापडली.

हल्लेखोर चाळणीतून निसटतो आणि प्रामाणिक माणूस अडकतो. समजा, एखाद्याने लिहिले : ‘गल्लीची रुंदी <३ मीटर, रुग्णवाहिका आत येत नाही.’ पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतील टॅग काढून टाकणारे प्रचलित फंक्शन ‘<३’ला टॅगची सुरुवात समजते आणि तिथून पुढचे सगळे पुसते. अधिकाऱ्यासमोर उरते ‘गल्लीची रुंदी’. तक्रार पोहोचलीच नाही, हे दोघांनाही कळत नाही.

मराठीचे नुकसान याहून खोल आहे. ‘शेतकऱ्यांना’मधला अर्धा र काही कीबोर्डांवर एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने उमटतो. अदृश्य चिन्हे म्हणजे घातक, असे समजून ती सरसकट काढली की ‘शेतकर्यांना’ उरते. आडनावांचे आणि गावांचेही तसेच होते. एचटीएमएलच्या मजकुरात एस्केप करावी लागणारी चिन्हे पाचच : दोन कोनकंस, दोन अवतरणचिन्हे आणि ‘&’. देवनागरीतले एकही अक्षर त्यांत येत नाही. तेव्हा सुरक्षेच्या नावाखाली आमच्या लिपीला हात लावण्याचे कारण नाही. मजकूर साठवणे आणि पाठवणे दोन्ही यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात असावे आणि तसे सर्व्हरने प्रत्येक पानाच्या हेडरमध्ये सांगावे.

एस्केप एकदाच, आणि जागा पाहून व्हावे. साठवताना एकदा आणि दाखवताना पुन्हा केले, तर ‘पाटील & सन्स’ या नावात ‘&’च्या जागी संगणकी कोड दिसतो आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक लांबत जातो. परिच्छेदासाठी पुरेसा असणारा नियम दुव्यात पुरत नाही : ‘जावास्क्रिप्ट’ आणि विसर्गचिन्हासारखा कोलन यांनी सुरू होणाऱ्या पत्त्यात कोनकंसाची गरजच नसते. म्हणून दुव्यात एचटीटीपी व एचटीटीपीएस एवढेच चालू द्यावे. स्क्रिप्टमध्ये जेसन स्वरूपातील माहिती भरताना तर विशेष काळजी हवी. बंद होणारा स्क्रिप्ट टॅग अवतरणचिन्हांच्या आत असला तरी ब्राउझर स्क्रिप्ट तिथेच संपवतो. हे सगळे हाताने सांभाळणे माणसाच्या आवाक्यातले नाही. आपोआप एस्केप करणारी टेम्प्लेट प्रणाली निविदेत सक्तीची करावी, आणि जिथे ती बंद केली असेल तिथे लेखी कारण मागावे.

ठळक अक्षरे, याद्या असा सजवलेला मजकूर जिथे खरोखर लागतो, तिथे परवानगी असलेल्या टॅगांची यादी ठेवून नियमित अद्ययावत होणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीकडून तो स्वच्छ करून घ्यावा. घरी लिहिलेले रेग्युलर एक्स्प्रेशन स्वीकारू नये. दुसरी फळी म्हणून, कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे ब्राउझरला सांगणारा कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचा हेडर आणि लॉगिनची कुकी स्क्रिप्टला वाचू न देणारी एचटीटीपी-ओन्लीची खूण असावी. मात्र पहिल्या फळीची उणीव या दोन्हींनी भरून निघत नाही.

आता पैशाचे. सुरक्षेचे लेखापरीक्षण संकेतस्थळ सुरू होताना एकदाच होते आणि पुढे ‘छोटा बदल’ म्हणून रकाने वाढत जातात. नागरिकाचा मजकूर घेणाऱ्या वा दाखवणाऱ्या प्रत्येक बदलाची चाचणी देखभाल करारात वेगळी दाखवावी आणि तिचे देयक वेगळे द्यावे. शनिवारी रात्री फोनवरून सांगितलेला बदल सोमवारी सकाळी लोकांसमोर, ही रीत बंद व्हावी.

दोष आढळल्यास कळवण्यासाठी प्रत्येक संकेतस्थळावर पत्ता असावा. चांगल्या हेतूने कळवणाऱ्या विद्यार्थ्याला वा तंत्रज्ञाला पोलिसांत देण्याची धमकी मिळू नये, असे लेखी धोरण आम्हांला हवे आहे.

पुढच्या निविदांचे मसुदे अंतिम होण्यापूर्वी आमच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवावे. वरच्या प्रत्येक दोषाचा चाचणी-मजकूर आम्ही सोबत आणू. आपल्या चालू संकेतस्थळांच्या चाचणी-प्रतींवर तो आपल्यासमोर टाकून पाहता येईल.

आपले,
संकेतस्थळ-तंत्रज्ञांच्या संघटनेचे पदाधिकारी व सभासद