फोटोखाली वेळ लिहा

गुरूचे पट्टे रेखीव, तांबडा डाग जागच्या जागी, आणि शेजारी चारही चंद्र लखलखीत. असा फोटो पाहिला की जाणकार नाक मुरडतात: ‘हे जोडकाम आहे.’ असतेच. पण एवढ्यावरून फोटो खोटा ठरवणे हा जाणकारीचा आळस झाला.

पट्टे दिसतील इतकाच प्रकाश कॅमेऱ्यात घेतला तर लहान दुर्बिणीतून चंद्र मिणमिणतात, नाहीतर गायबच होतात. चंद्रांसाठी एक्स्पोजर वाढवले की गुरूचा पांढरा गोळा होतो. मोठ्या दुर्बिणीची अडचण आणखी वेगळी. तिथे व्हिडिओ घेऊन त्यातल्या हजारो फ्रेमपैकी हवेने कमी थरथरलेल्या निवडतात आणि एकावर एक रचतात. पण गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे काही मिनिटांतच डाग सरकतो. सॉफ्टवेअर हे फिरणे उलटे फिरवून देते; चंद्रांचे काय? आयो सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावतो, म्हणजे दोन मिनिटांत स्वतःच्या अर्ध्या व्यासाहून जास्त. गुरू सुधारला की आयो लांबुळका होतो. वर पट्ट्यांना धार काढणारे संस्करण चंद्रांभोवती नसलेली कडी उमटवते. म्हणून चंद्र वेगळे हाताळायचे आणि पुन्हा आपापल्या जागी बसवायचे, याला पर्याय नाही.

गंमत म्हणजे नेत्रिकेला लावलेल्या डोळ्याला पट्टे आणि चंद्र एकाच वेळी दिसतात. आकाश पाहायला वांगणीला रात्र जागवणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणजे ‘अस्सल’ एकाच एक्स्पोजरपेक्षा जोडलेला फोटोच डोळ्याच्या अनुभवाला जवळचा. २१ डिसेंबर २०२० च्या गुरू-शनी युतीत दोन्ही ग्रह एका चौकटीत मावत होते, तेव्हा तर गुरूला मानवणारे एक्स्पोजर शनीलाच अपुरे पडत होते. शनीचा चंद्र टायटन, त्याची तर गोष्टच नको.

मग लबाडी कुठे सुरू होते? चौकट सुबक दिसावी म्हणून कॅलिस्टोला गुरूजवळ ओढून आणला की. किंवा कालच्या फोटोतला गॅनिमीड आजच्या गुरूशेजारी चिकटवला की. ही लबाडी पकडणे अवघड नाही, कारण हे चंद्र म्हणजे आकाशातले घड्याळ आहे. आयोच्या ग्रहणांच्या वेळा पुढेमागे होतात, यावरून प्रकाशाला पोहोचायला वेळ लागतो हे खगोलशास्त्रज्ञ रोमरने १६७६ मध्ये दाखवले. आज कुठल्याही तारांगण-सॉफ्टवेअरमध्ये वेळ घातली की चारही ठिपके कुठे असायला हवेत ते दिसते. अट एकच, फोटोखाली वेळ हवी. नेमकी तीच नसते. दुर्बिणीचा आकार, कॅमेऱ्याचे मॉडेल, फिल्टर, सगळे अभिमानाने लिहिलेले असते.

मंगळाचे चंद्र टिपणारे या बाबतीत जास्त सरळ म्हणावे लागतील. फोबोस मंगळापेक्षा लाखाहून अधिक पट मंद. १८७७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असॅफ हॉलने २६ इंची दुर्बिणीतून दोन्ही चंद्र शोधले, तेही मंगळाला दृष्टिक्षेत्राबाहेर ठेवून. आजचे हौशी निरीक्षक ग्रहावर अपारदर्शक पट्टी आडवी धरतात आणि ती पट्टी फोटोत राहू देतात. गुरूवाल्यांनी निदान दोन ओळी लिहाव्यात: ग्रह आणि चंद्र वेगवेगळ्या एक्स्पोजरचे, चंद्रांच्या जागा अमुक वेळेच्या. आणि वेळ भारतीय की जागतिक तेही लिहावे. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक आहे. गुरूसमोरून निघालेला आयो तेवढ्यात त्याला ओलांडून पार पलीकडे गेलेला असतो.