वळणाचा खर्च कोण सोसतं?

१९१२ साली दादासाहेब फाळके तारामती शोधत होते. ‘राजा हरिश्चंद्र’ची बाकी जुळवाजुळव होत आली होती, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, कोठ्यांवर जाऊन विचारून झालं. तिथूनही नकारच आला. अखेर ग्रँट रोडच्या एका हॉटेलात त्यांची नजर एका सडपातळ, नाजूक हातांच्या आचाऱ्यावर गेली. त्याचं नाव अण्णा साळुंके. हॉटेलात त्याला महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात प्रेक्षकांनी जी तारामती पाहिली ती हीच. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि पुढे ते कॅमेऱ्यामागे जाऊन छायाचित्रणही करू लागले. पाच रुपयांच्या पगारवाढीतून सुरू झालेली वाट कुठवर गेली पाहा.

खुद्द फाळक्यांची वाट तरी कुठे सरळ होती? त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने आधी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतलं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तर प्लेगने पत्नी आणि मूल ओढून नेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडून छापखाना काढला. तो नावारूपाला आला, तेव्हा भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर हा गृहस्थ पुन्हा रिकामा झाला. त्यानंतर मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहण्यात आला आणि पुढचं सर्वांना ठाऊक आहे. चित्रकला, फोटोची रसायनं, छपाई, इतकंच काय तर हौसेने शिकलेली जादूसुद्धा पडद्यावर कामी आली. धंदे बदलले तरी हातातलं कसब वाया गेलं नाही.

करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांत अशा गोष्टी धाडसाच्या म्हणून सांगितल्या जातात. ‘त्यांनी सगळं सोडलं, झोकून दिलं, म्हणून यशस्वी झाले.’ समोर बसलेली मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन बापाच्या पगाराकडे बघून गप्प होतात. त्यांचं गप्प होणं अगदी रास्त आहे, कारण गोष्टीतला महत्त्वाचा भाग त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. सगळं सोडलेल्या माणसाच्या घरात त्या महिन्याचा किराणा कुणी भरला?

फाळक्यांच्या घरात तो भार त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी सावरला. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, तेव्हा कुठे विलायतेची वारी झाली आणि कॅमेरा आला; दागिनेही गेले. त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडलेली येत असे. ती कॅमेऱ्यात सरकायची तर दोन्ही कडांना सारख्या अंतरावर भोकं हवीत, आणि हे काम अंधारातच करायचं. दादरच्या घरात सरस्वतीबाई रात्री बसून ते करत. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, चित्रीकरणाला उजेड परतवण्यासाठी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं, रसायनं कालवणं हेही त्यांच्याकडेच. आज देशातला सिनेमाचा सर्वोच्च सन्मान फाळक्यांच्या नावाने दिला जातो आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या आयुष्याला मिळालेलं वळण दोघांनी मिळून पेललं होतं, हे त्या सन्मानाबरोबर दरवर्षी सांगितलं गेलं पाहिजे.

दुसरं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. जे. जे.मध्ये शिकत असताना लक्षात आलं की डोळ्यांना काही रंगच नीट ओळखता येत नाहीत. चित्रकारासाठी याहून मोठा घाला कोणता! मग यांत्रिक आरेखन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. हक्काची बढती आली तेव्हा ती त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे भावाबरोबर सायकलींचं दुकान चाललं होतंच. आता कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर सुरू झाले. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

ही दोन वर्षं बारकाईने पाहण्यासारखी आहेत. गिऱ्हाईक नाही, माल पडून आहे आणि शेजारीपाजारी ‘मास्तरकी बरी होती’ म्हणत असणार. सायकलींच्या धंद्याचा आणि भावाचा टेकू नसता, तर तो नांगर भंगारात गेला असता. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली, दहा हजार रुपये कर्ज दिलं आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी निवडुंग आणि साप हटवावे लागले, मग भट्टी पेटली.

किर्लोस्करांची खरी थोरवी त्याच्या पुढे दिसते. स्वतःला आधार मिळालेल्या या माणसाने तो इतरांना दिला. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक इंजिनिअर झाले. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना वाडीवर राखणीचं काम मिळालं. आजच्या एखाद्या भरती विभागाकडे यांचे अर्ज गेले असते, तर पहिल्याच चाळणीत बाहेर पडले असते. प्रमाणपत्र काय आहे यापेक्षा माणूस काय करू शकतो हे बघणारा मालक मिळणं हादेखील एक आधारच, आणि सध्या तो दुर्मीळ झाला आहे.

कधी हा आधार एखाद्या साध्या नियमाचा असतो. नारायण सुर्वे यांना तान्हेपणी रस्त्यावरून उचलून एका गिरणी कामगाराने वाढवलं. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतली कामं असं करत ते मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले. नोकरी करता करता त्यांनी व्हर्नाक्युलर फायनल दिली आणि पुढे शिक्षक म्हणून वर्गात उभे राहिले. शिपायालाही परीक्षा देऊन शिक्षक होता येतं, ही वाट व्यवस्थेने उघडी ठेवली होती. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या कवीच्या आयुष्यात या वाटेचा वाटा मोठा आहे. कधी तो आधार हातातल्या पदवीचा असतो. डॉ. श्रीराम लागू चाळिशी ओलांडल्यावर, १९६९च्या सुमारास पूर्णवेळ रंगभूमीवर आले. त्यांचं धाडस कुणी नाकारणार नाही. पण कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाची पदवी आणि हात त्यांच्याजवळ कायम होते, हेही खरं. परतीची वाट उघडी असली की पुढचं पाऊल निर्धास्त पडतं.

आता ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, त्यांच्याकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. साचेखात्यात एका वेळी अनेक माग सांभाळणारा, कानावर पडणाऱ्या आवाजातला बदल ओळखून तुटलेला धागा हेरणारा कसबी माणूस वर्ष-दोन वर्षांत भाजीची गाडी ढकलू लागला, नाही तर एखाद्या इमारतीखाली वॉचमन म्हणून बसला. कुणी रत्नागिरीला, कुणी साताऱ्याला गावी परतलं. सूत कातणाऱ्या त्रासन खात्यातला अनुभव कोकणातल्या दोन गुंठे वरकसावर काय कामाचा? घरच्या बायकांनी शिलाई, पापड, धुणीभांडी करून चुली पेटत्या ठेवल्या. बदली कामगारांचे तर हाल कुत्रा खाईना, कारण त्यांची नोकरी मुळात पक्कीच नव्हती. गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. त्या जमिनीतून हक्काचं घर मिळण्यासाठी कामगारांच्या पुढच्या पिढ्या सोडतींची वाट पाहत राहिल्या.

हेही करिअरमधलं अनपेक्षित वळणच होतं. मात्र त्याची गोष्ट कुठल्या मेळाव्यात सांगितली जात नाही. या माणसांत हिंमत कमी नव्हती. त्यांनी संसार पुन्हा शून्यापासून उभे केले. कमी होतं ते औंधच्या दरबारातून आलेल्या कर्जासारखं काहीतरी, हाताचं कसब ओळखून दुसऱ्या कामाला जोडून देणारं कुणीतरी. एवढ्या मोठ्या संख्येने कुशल माणसं रस्त्यावर येत असताना राज्याने त्यांच्या पुनर्शिक्षणाची तातडीने सोय करायला हवी होती. ती झाली नाही, हा आपल्या अलीकडच्या इतिहासातला मोठा अन्याय आहे.

आणि तो जुना झालेला नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये आज हजारो मुलंमुली राज्यसेवेची तयारी करत बसलेली आहेत. खुल्या प्रवर्गासाठी ३८, मागास प्रवर्गांसाठी ४३ ही कमाल वयोमर्यादा. जागा मोजक्या, म्हणजे बहुतेकांना कधी ना कधी दुसरी वाट धरावीच लागणार, हे गणित पहिल्या दिवसापासून स्पष्ट असतं. तरीही तिशीत पोचलेल्या उमेदवाराने खासगी नोकरीसाठी अर्ज केला की पहिला प्रश्न येतो, ‘इतकी वर्षं काय केलंत?’ त्याने राज्यघटना, अर्थशास्त्र, शेती, प्रशासन यांचा जो अभ्यास केला, तो मोजायला कुणाकडे माप नाही. मुलं शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा कामावर येऊ पाहणाऱ्या बाईलाही ‘गॅप’चा हाच प्रश्न विचारला जातो. त्या वर्षांत तिने आजारी सासऱ्यांपासून मुलांच्या परीक्षांपर्यंत सगळं एकहाती चालवलेलं असतं.

उपाय फार अवघड नाहीत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९पासून नोकरी करणाऱ्यांना पदवीची दारं उघडली. तसंच दार हातकामाच्या कौशल्यांसाठी हवं. आयटीआयचे नियमित वर्ग दिवसभराचे असतात, चाळिशीतला कमावता माणूस तिथे बसू शकत नाही. तीच यंत्रं, तेच वर्ग संध्याकाळी सात ते दहा मोठ्या वयाच्या लोकांसाठी चालवता येतील. स्पर्धा परीक्षेच्या मुख्य टप्प्यापर्यंत गेलेल्यांची यादी, त्यांच्या संमतीने, सहकारी बँका, बाजार समित्या आणि जिल्हा परिषदांच्या कंत्राटी भरतीपुढे ठेवता येईल. कारखाना बंद करण्याची परवानगी देताना कामगारांच्या नव्या प्रशिक्षणाचा खर्च मालकाने आधी भरावा, अशी अट घालता येईल. पुढच्या अर्थसंकल्पात यांपैकी संध्याकाळच्या वर्गांसाठी पैसे ठेवून सुरुवात करावी. यंत्रं आहेत, इमारती आहेत, संध्याकाळी दारांना कुलूप असतं तेवढं काढायचं आहे.